अमेरिकेच्या स्थळाचा भाव

नांदेडचे साहेब पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा त्यांनी पोह्यांच्या बशीला हात लावला नाही. पाणी घेतलं, तेही ग्लास उजेडाकडं धरून. ते पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला. माझी थोरली तेव्हा लातूरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवत होती. मुलगा फोनच्या पडद्यावर होता. दहा मिनिटं बोलला, नीट बोलला. मग साहेबांनी मला विचारलं, "आपलं शिक्षण?"

"सातवी," मी म्हटलं. "पुढं पोती उचलली."

निघताना दारात बूट घालत ते माझ्या मेहुण्याला म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो. पण तिकडं न्यायची म्हणजे घराला जरा पार्श्वभूमी लागते." हळू म्हणाले, पण बाजारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन गाळ्यांपलीकडचं ऐकू येतं.

ते मी विसरलो नाही. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय! ज्यांनी आयुष्यात दुसऱ्याचं पोतं पाठीवर घेतलं नाही त्यांनी ते म्हणावं. औशाजवळच्या खेड्यातून मी लातूरला हमाल म्हणून आलो, मग अडतीचं दुकान टाकलं, मग डाळमिल उभी केली. समोरच्याचं तोंड वाचता येतं, या एकाच विद्येवर सगळं केलं. समोरच्याला घाई आहे की नाही, एवढंच बघायचं असतं. घाई असेल तर सौदा आपला. त्या दिवशी साहेबांना कसलीच घाई नव्हती. त्यात त्यांची हुशारी काही नव्हती. त्यांच्या मागं एक अख्खा देश उभा होता, म्हणून ते असे बसले होते.

आमच्याकडं तेव्हा अमेरिका या शब्दालाच भाव होता. समाजाच्या वधूवर मेळाव्यात माइकवरून "मुलगा अमेरिकेत" एवढं ऐकू आलं की मंडपातल्या बायका पदर सावरून बसायच्या. मुलगा उंच की बुटका, हे नंतर. पोरगा तिकडं गेला म्हणून एका माणसाला बँकेत बसायला खुर्ची मिळू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्यातल्या कुणीही तो देश पाहिला नव्हता. पण तिथं कागद खरा असला की काम होतं, दिलेला शब्द उद्या फिरवत नाहीत, असं सगळे धरून चालले होते. बाजारात याला पत म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि जाते तेव्हा आवाजही होत नाही.

मधल्या पाच वर्षांत मी पोरीची चार स्थळं मोडली. एकाच्या काकानं माझ्या बोलण्याची नक्कल केली म्हणून, एक जण उशिरा आला म्हणून. उरलेल्या दोघांचं कारण आता मला आठवतही नाही. तिच्या आईनं बोलणं सोडलं. पोरगी सकाळी क्लासला जायची, संध्याकाळी यायची. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "तुमचा हिशेब पुरा होऊ द्या अप्पा आधी."

मग तिकडं अमेरिकेत निवडणूक होऊन गादीवर नवा माणूस बसला.

खरं सांगतो, मला तो आवडला. दुकानात चहा आला की मी सांगायचो, "हा आपल्यातला हाय. ह्याला सौदा कळतो. आधी डोकं फिरल्यासारखा भाव सांगायचा. समोरचा चक्रावला की उठायचं, चपलेत पाय घालायचा, अन् मग अर्ध्यावर यायचं. आम्ही जन्मभर दुसरं काय केलं?" आज या देशावर कर लावला, उद्या उठवला, परवा दुप्पट केला. तो तिकडं बोलला की इकडं सोयाबीनचा व्यापारी फोन कानाला लावायचा. मला त्याची गंमत वाटायची. एक माणूस सगळ्या जगाला घाईला आणतोय!

उदगीरचे एक व्यापारी माझ्याकडं नेहमी येत. वयानं मोठे, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. एकदा ते म्हणाले, "शेठ, चपलेत पाय घालणारा दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात येतो. त्याला तोंड दाखवायचं असतंय. ह्याला कुणाला तोंड दाखवायचंय?"

"लोक जातीलच की त्याच्या दारात. न जाऊन सांगतात कुणाला?"

"जातील. पर कसे जातील, ते बघा."

मी हसलो. पण मला आमच्या बाजारातली एक जुनी पेढी आठवली. बापाच्या काळात तिथं नुसत्या शब्दावर माल उतरायचा. बाप गेला, पोरगा बसला आणि सकाळी दिलेला शब्द दुपारी फिरवू लागला. लोकांनी तिथं माल घालणं सोडलं नाही, कारण गोदामं त्याचीच मोठी होती. फक्त आता गाडी लावताना, पटकन निघता यावं म्हणून, तिचं तोंड रस्त्याकडं ठेवायचे. पोरगा मात्र खूश होता. म्हणायचा, "बघा, बापापेक्षा मला लोक जास्त भितात."

त्या वर्षीच्या मेळाव्यात माइकवाल्यानं "मुलगा अमेरिकेत" म्हटलं, आणि मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, "आजच्या तारखेला हाय का तिथं?"

मंडप हसून हसून लोळला. माइकवालाही हसला. मुलाचा बाप पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं उपरणं काढलं, नीट घडी घातली, परत खांद्यावर टाकलं. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. हातापायात बेड्या घालून विमानातून परत आणलेली माणसं तोवर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. त्यांचे कागद खोटे होते, आपल्या पोरांचे खरे आहेत, असं सगळे एकमेकांना सांगत होते; पण मुलीची बाजू आता पगार विचारत नव्हती. व्हिसा कुठला, मुदत कधी संपते, परत यायची तयारी आहे का, हे विचारत होती. ज्या बायकांना स्वतःचा पॅन नंबर माहीत नव्हता, त्यांना तिकडच्या व्हिशांची नावं पाठ झाली.

दिवाळीच्या आधी मेहुण्याचा फोन आला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, नांदेडला असतो; सोयरिकी जुळवायची त्याला हौस.

"दाजी, बसून हाव ना? नांदेडचं स्थळ परत आलंय."

"कोणतं?"

"पोहे न खाणारं."

मुलाचं मध्ये एक ठिकाणी ठरलं होतं. मुलीकडच्यांनी बातम्या बघून ते मोडलं. आता मुलाचं वय वाढलेलं, साहेबांच्या बायकोला रक्तदाब. मेहुणा सांगत होता आणि मला एकच शब्द ऐकू येत होता. घाई.

"या म्हणावं," मी म्हटलं. "पोहे करतो."

ते आले. साहेबांनी बशी पुसून खाल्ली आणि स्वतःहून म्हणाले, "वा, अजून थोडे चालतील." मी बायकोला हाक मारली, "अगं, साहेबांना वाढ." तिनं वाढलं आणि माझ्याकडं असं बघितलं की माझ्या जागी दुसरा असता तर गप्प बसला असता.

देण्याघेण्याचा विषय आमच्यात निघाला नाही, तो मी कधी निघू देत नाही. बोलणं सुपारीवर आलं. आमच्याकडं सुपारी दोन्हीकडचे वडीलधारे फोडतात. पाच माणसं बसतात, आमचा पुरोहित जंगम असतो, सुपारी फुटली की शब्द पक्का. मुलानं तिथं असलंच पाहिजे असं काही नाही; पूर्वी तर नसायचाच. हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, चहा घेऊन आलेल्या शेजारणीलाही माहीत होतं.

मी म्हटलं, "सुपारी मुलाच्या समक्ष फुटेल. इथं, लातूरला."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्याच्या कंपनीच्या वकिलानं सांगितलंय, सध्या देश सोडू नका. आला की परत जायला पासपोर्टवर व्हिशाचा नवा शिक्का लागतो. पूर्वी आठवड्याचं काम होतं. आता नियम रोज बदलतात. लग्नाला येईलच, तोवर जरा स्थिर होऊ द्या."

"म्हणजे त्याला चार दिवस घराबाहेर पडता येत नाही, अन् त्या घरात मी पोरगी द्यायची?"

हा मुद्दा बिनतोड होता, आजही आहे. फक्त मी तो पोरीच्या काळजीनं काढला नव्हता.

मेहुणा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय बोलून राहिले दाजी? सुपारी तर बापच फोडतात. पोराचं काय काम?"

"माझ्या घरात पोरगा लागतो. पडद्यावरचा मी एकदा बघितलाय."

ते गेल्यावर पोरगी माझ्यासमोर येऊन बसली. तेव्हा मला कळलं, की गेले काही महिने ती त्या मुलाशी बोलत होती. पहिल्या वेळी बापानं जे केलं त्याबद्दल त्यानं तिची माफी मागितली होती. हे स्थळ परत आलं ते साहेबांच्या घाईनं नाही, त्यानं हट्ट धरला म्हणून.

"अप्पा, ती अट सोडा."

"का?"

"त्यांना परत जाता आलं नाही तर नोकरी जाईल."

"मग आत्ताच कळलेलं बरं नाही का?"

"तुम्हाला काही कळून घ्यायचं नाहीये. तुम्हाला साहेब वाकलेले बघायचेत. वाकले ते. आता सोडा."

मी चहाचा कप भिंतीवर मारला. ती उठली, तुकडे गोळा केले आणि म्हणाली, "येतील ते. मी नको म्हटलं तरी येतील. तुम्ही जिंकलात अप्पा."

तो आला. बारीक, चष्मेवाला, आवाज मऊ. सुपारी फुटली, पाच माणसांनी शब्द दिला, मी पेढे वाटले. जेवणानंतर बैठकीत आम्ही दोघंच होतो. जावयाशी काहीतरी बोलावं म्हणून मी हसत विचारलं, "काय म्हणतो तुमचा तो नवा गडी? आम्हाला तर लई आवडला."

त्यानं आधी दाराकडं बघितलं. मग खिडकीकडं. मग टेबलावरच्या आपल्या फोनकडं बघून तो उचलला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. परत येऊन हळूच म्हणाला, "मामा, नको तो विषय."

"अरे, हे लातूर हाय!"

"हो. पण परत जाताना विमानतळावर फोन बघतात म्हणे. काय लिहिलं, कुणाशी बोललो. मी सगळं पुसून टाकलंय. मित्रांचे फोटो पण." आणि तो ओशाळून हसला.

माझी आई सांगायची, रझाकारांच्या दिवसांत आजोबा घरात भाकरीचं बोलायचं असलं तरी आधी दाराची कडी बघून यायचे. ती गोष्ट मला जुन्या काळातली वाटायची. आणि इथं माझ्या बैठकीत, भर दुपारी, पंख्याखाली, एक शिकलेला पोरगा हजारो मैलांवरच्या माणसाला भिऊन आवाज खाली करत होता. मी दुकानात बसून जे कौतुक करत होतो ते याचं होतं. त्या देशाचं वजन कमी झालं असं मेळाव्यातल्या हसण्यावरून वाटत होतं. कमी कुठं झालं होतं? पूर्वी ते आमच्या पोरांच्या स्वप्नात होतं, आता त्यांच्या घशात येऊन बसलं होतं.

परतीच्या दोन दिवस आधी निरोप आला. शिक्क्यासाठी वकिलातीनं दिलेली तारीख पुढं गेली होती. तीन महिने. तीन महिन्यांनी अजून चार.

कंपनीनं त्याला बिनपगारी रजेवर टाकलं. तिकडं त्याची भाड्याची खोली, गाडी, कपडे सगळं जागच्या जागी होतं आणि तो नांदेडला बापाच्या घरात वरच्या खोलीत बसून दर तासाला फोन बघत होता. साहेबांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडलो असतो, आणि मला भांडण येतं. ते न बोलल्यामुळं माझ्या हातात काहीच राहिलं नाही.

मेहुणा म्हणाला, "दाजी, अजून वेळ गेली न्हाई. आपण अमेरिकेचं स्थळ म्हणून शब्द दिला. आता अमेरिकाच न्हाई, तर शब्द कसला?" त्याला वाटलं मी खूश होईन. पाच वर्षांपूर्वी झालोही असतो.

मग एक दिवस मुलगा एसटीनं लातूरला आला. सुपारीच्या वेळी आम्ही दिलेला शर्टपीस आणि नारळ पिशवीत घेऊन आला होता. म्हणाला, "मामा, माझं काही खरं नाही. तिला अडकवून ठेवायचं नाही मला." पोरगी आतून आली, त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. माझ्याकडं बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला गेलो. वाटेत अर्धापूरची चार डझन केळी घ्यावीत असं मनात आलं, पण अर्धापूर नांदेडच्या पलीकडं. म्हणून स्टँडवरच घेतली. साहेब एकटेच पेपर वाचत होते. मी बसलो. सौद्याला बसताना मी कधी पहिला बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

"सुपारी बापच फोडतात. मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," ते म्हणाले.

"मग बोलावलंत कशाला त्याला?"

"तुमच्यासारखा माणूस तोंडानं मागतो ते एक असतं आणि त्याला हवं असतं ते दुसरं. मला वाटलं, एकदा आला की तुमचं समाधान होईल." त्यांनी पेपरची घडी घातली. "आणि त्याच्या आईला तो डोळ्यांनी बघायचा होता. पाच वर्षं झाली होती."

मी म्हटलं, "लग्न उरकून टाकू. तो जाईल न जाईल."

त्यांनी घडी घातलेला पेपर टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "विचार करा. लग्न झालं की तिचं नाव त्याच्या कागदाला जोडलं जातं. त्याचं काही झालं तर तिचंही होतं. आज ती मोकळी आहे. पुन्हा म्हणू नका, यांनी सांगितलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस माझा माल किती नाजूक आहे हे मला समजावून सांगत होता, आणि त्यात त्याचा फायदा नव्हता. पोह्यांचा राग तेवढ्यानं गेला असं मी म्हणणार नाही. तो आहे. पण त्या दिवशी त्याचा मला उपयोग नव्हता. मी म्हटलं, "जोडू द्या नाव."

लग्न लातूरला झालं, लहानसंच. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याची तारीख लागली, तिचीही. फॉर्म भरताना तिनं आपल्या फोनवरचं सगळं वाचून काढलं, नातेवाइकांचे दोन ग्रुप सोडले, मला म्हणाली, "अप्पा, तुम्ही मला ते व्हिडिओ पाठवत होता ना त्या गादीवरच्या माणसाच्या भाषणांचे, गमतीचे? आता काही पाठवू नका. चांगलं पण नको, वाईट पण नको." शिक्का मिळाला. कंपनीनं त्याला परत घेतलं, पण खालच्या जागेवर आणि दुसऱ्या गावात. ज्या सहीनं मिळालं ती सही उद्या फिरणार नाही, असं सांगणारं कुणी नव्हतं.

ते निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. तुरीचा लिलाव सुरू होता. तिकडं उतरल्यावर फोन करते म्हणाली होती. उतरायची वेळ झाली, एक तास गेला, दोन गेले. माझ्या ढिगाचा भाव तीनदा पुकारला तरी मी 'दिला' म्हटलं नाही. लोकांना वाटलं, शेठ आज वर चढवायच्या बेतात आहे. त्यांनी आपणहून भाव वाढवला. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याची मला किती मजा आली असती.

तिसऱ्या तासाला फोनवर दोन शब्द आले. "बाहेर आलो."

आता रविवारी तिचा फोन येतो. भाजी काय मिळते, थंडी किती, आईचे गुडघे कसे, एवढं होतं. जावई मागून "मामा, शरणार्थ" म्हणतो. तिकडचं काय चाललंय, हे मी विचारत नाही आणि ती सांगत नाही. बाजारात ज्याच्या आवाजाला सगळे वचकून असतात तो मी, तिच्याशी बोलताना पावसापाण्यावर येतो. फोन ठेवण्याआधी एकदा विचारतो, "बरी आहेस ना?"

"बरी आहे," ती म्हणते. पण म्हणायच्या आधी ती थांबते. मी जन्मभर माणसांचं थांबणं मोजत आलोय. पूर्वी ती इतकी थांबत नव्हती.